समोरच्याशी बोलता यावे म्हणून : परकीय भाषेचे पहिले सहा महिने

जर्मन भाषेचा वर्षभर अभ्यास करून झाल्यावर मी पहिल्यांदा एका जर्मन भाषकाशी फोनवर बोललो, तेव्हा त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न मला कळला नाही. विशेषणांना लिंगानुसार आणि विभक्तीनुसार लागणाऱ्या प्रत्ययांचा तक्ता मला तोंडपाठ होता, न कळलेला प्रश्न मात्र अगदी साधा, बहुधा "आवाज नीट येतो आहे ना?" एवढाच होता. प्रश्न कळला नाही यात काही विशेष नव्हते, कारण तसे सगळ्यांचेच होते. पण "माफ करा, पुन्हा एकदा सांगता का?" हे वाक्य जर्मनमध्ये कसे म्हणायचे, ते मला वर्षभरात कोणी शिकवले नव्हते आणि मीही कधी शोधले नव्हते. त्यामुळे मी "या, या" म्हणजे "हो, हो" करत राहिलो आणि दोन मिनिटांत संभाषण आटोपले.

या लेखातला क्रम त्या दोन मिनिटांतून आलेला आहे. ज्याला परकीय भाषा प्रत्यक्ष व्यवहारात वापरायची आहे, त्याने बोलणे अडले की ते पुन्हा चालू करण्याची साधने सर्वांत आधी हाती घ्यावीत आणि शब्दसंग्रह, व्याकरण, लिपी या गोष्टी त्यांच्या आधाराने वाढवत न्याव्यात, असे माझे मत आहे. भाषा शिकण्यातला आनंदही याच क्रमाने लवकर मिळतो. आपण काही बोललो, ते समोरच्याला कळले आणि त्याने त्यावर उत्तर दिले, हा अनुभव तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आला, तर पुढच्या अभ्यासासाठी स्वतःला रेटावे लागत नाही. तो दोन वर्षांनी येणार असेल, तर बहुतेक जण तोवर वाटेत गळालेले असतात.

पहिली पायरी : प्रसंग ठरवणे

"मला फ्रेंच शिकायचे आहे" एवढ्यावर अभ्यासाची आखणी करता येत नाही. कोणाशी, कशाविषयी, किती वेळ आणि समोरासमोर, फोनवर की लेखी बोलायचे आहे, हे तपशील वहीत लिहून काढावेत. उदाहरणार्थ, दर आठवड्याच्या कामकाजाच्या बैठकीआधी परदेशी सहकाऱ्यांशी पाच मिनिटे अनौपचारिक बोलता यावे, किंवा सून परदेशी आहे म्हणून तिच्या आईवडिलांची विचारपूस दुभाष्याविना करता यावी, असा एखादा प्रसंग डोळ्यांपुढे असला की कोणते शब्द आधी लागतील, कोणता काळ आधी शिकावा आणि काय बिनदिक्कत मागे ठेवावे, हे आपोआप ठरत जाते. विचारपूस करणाऱ्याला तब्येत, हवामान, मुलेबाळे आणि कालपरवाच्या घटना यांची भाषा लागते. कर्मणी प्रयोग त्याने वर्षभर बाजूला ठेवला तरी काही बिघडत नाही.

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाची जी सामाईक चौकट प्रसिद्ध केली, तीही याच विचारावर उभी आहे. ए१ पासून सी२ पर्यंतच्या तिच्या सहा पातळ्या शिकणारा त्या भाषेत काय करू शकतो, यावरून ठरवलेल्या आहेत. सर्वांत खालच्या ए१ पातळीचे वर्णन नवशिक्याने एकदा नीट वाचावे. स्वतःची ओळख करून देणे, राहण्याचे ठिकाण, ओळखीची माणसे आणि जवळच्या वस्तू यांविषयी साधे प्रश्न विचारणे व त्यांची उत्तरे देणे या गोष्टी तिथे अपेक्षित आहेत. मात्र समोरची व्यक्ती सावकाश व स्पष्ट बोलते आणि मदत करायला तयार आहे, हे त्या वर्णनातच गृहीत धरलेले आहे. म्हणजे पहिल्या पातळीवर संभाषणाचा निम्मा भार दुसऱ्याने उचलायचा, हे चौकट तयार करणाऱ्यांनीच मान्य केले आहे. २०२० मध्ये आलेल्या तिच्या पूरक खंडात तर मोजमापाच्या वर्णनांमधून "मूळ भाषक" हा उल्लेखच काढून टाकण्यात आला. मूळ भाषकासारखे बोलता आले पाहिजे हे ओझे नवशिक्याने स्वतःहून घेऊ नये.

वेळेचा अंदाजही आधीच बांधून ठेवावा, म्हणजे पुढे निराशा होत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते आणि तिच्या अंदाजानुसार कामकाजापुरते प्रभुत्व मिळवायला स्पॅनिश किंवा फ्रेंचसाठी वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास, तर जपानी, चिनी, कोरियन आणि अरबी या भाषांसाठी सुमारे २,२०० तास लागतात. हे आकडे मराठी माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. जपानीची वाक्यरचना आपल्याला इंग्रजी भाषकापेक्षा पुष्कळ सोपी जाते. शिवाय तिथे अभिप्रेत असलेले प्रभुत्व बरेच वरचे आहे. रोज अर्धा तास आणि आठवड्याला एक तास संभाषण असे धरले, तर सहा महिन्यांत सव्वाशेच्या आसपास तास होतात आणि ए१ पातळीचे बोलणे जमण्यास एखाद्या युरोपीय भाषेत एवढा वेळ साधारणपणे पुरतो.

दुसरी पायरी : कान आणि जीभ

पहिले दोन आठवडे उच्चारांना द्यावेत आणि या काळात शब्द पाठ करण्याची घाई करू नये. कारण असे की चुकीच्या उच्चारासह पाठ केलेले पाचशे शब्द नंतर पुन्हा शिकावे लागतात, आणि ते काम पहिल्यापेक्षा कंटाळवाणे असते.

इथे मराठी कानाला काही गोष्टी आयत्या मिळालेल्या आहेत, पण आपण परकीय भाषा इंग्रजीच्या वाटेने शिकू लागलो की त्या हातच्या जातात. फ्रेंच आणि स्पॅनिशमधला "त" हा आपल्या "त"सारखा दंत्य आहे. इंग्रजीच्या सवयीने आपण तिथे उगाच "ट" म्हणतो. स्पॅनिशमध्ये "तू" या शब्दाचा उच्चार "तू" आणि अर्थही "तू"च आहे, तेव्हा तिथे जीभ वळवण्याचे कारणच नाही. "चाक" आणि "चार" यांतल्या दोन वेगळ्या "च"चा फरक आपण लहानपणापासून करत आलो आहोत. जर्मन भाषेत वेळेला "त्साइट" म्हणतात, त्याचा आरंभ "चाक"मधल्या "च"ने होतो आणि जपानीतले "त्सु" हे अक्षर "चूक" या शब्दातल्या "चू"च्या अगदी जवळचे आहे. चिनी भाषेच्या रोमन लेखनात "बी" आणि "पी" ही अक्षरे दिसतात, पण प्रत्यक्षात तो भेद "प" आणि महाप्राण "प्ह" असा आहे, आणि अल्पप्राण-महाप्राण ओळखणे आपल्याला शिकवावे लागत नाही.

अर्थात जे ध्वनी मराठीत नाहीत, ते देवनागरीत लिहून काढल्याने येत नाहीत. देवनागरीत सगळे लिहिता येते हा आपला लाडका समज आहे आणि तो परकीय भाषेच्या वर्गात चांगलाच महागात पडतो. या लेखातली परकीय वाक्येही केवळ खूण म्हणून देवनागरीत दिली आहेत. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणातूनच ऐकावा. फ्रेंच आणि जर्मनमधल्या एका स्वरासाठी "ई" म्हणत राहावे आणि जीभ मुळीच न हलवता फक्त ओठ "ऊ"साठी करतो तसे गोल करावेत. आरशासमोर दहा वेळा असे केले की तो स्वर सापडतो. जपानीत "ओबासान" म्हणजे मावशी-आत्या आणि मधला "बा" लांबवला की तोच शब्द आजी असा होतो. चिनीत "माइ" हा शब्द खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात म्हटला तर विकत घेणे आणि वरून झपकन खाली येणाऱ्या सुरात म्हटला तर विकणे, असे दोन उलट अर्थ निघतात. व्यवहारासाठी भाषा शिकणाऱ्याला यापेक्षा मोठा इशारा नको. अशा जोड्या फोनमध्ये मुद्रित कराव्यात, डोळे मिटून ऐकाव्यात आणि कोणता शब्द आहे ते ओळखावे, मग स्वतःचा आवाज मुद्रित करून तोच खेळ पुन्हा खेळावा. स्वतःचा आवाज ऐकणे पहिल्या दिवशी नकोसे वाटते, आठवड्याने त्याची सवय होते.

तिसरी पायरी : अडलेले बोलणे पुढे नेणे

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत ती कुठेतरी चौकटीत दोन ओळींत उरकलेली असते.

संभाषण चार ठिकाणी अडते. आपल्याला ऐकू येत नाही, ऐकू आले तरी कळत नाही, आपल्याला शब्द आठवत नाही, किंवा आपण बोललेले समोरच्याला कळत नाही. या चारही ठिकाणांसाठी एकेक-दोनदोन वाक्ये इतकी घोटावीत की झोपेतून उठवले तरी तोंडातून निघाली पाहिजेत. "पुन्हा सांगता का?" हे जर्मनमध्ये "क्योनन झी दास बिटे वीडरहोलन?", फ्रेंचमध्ये "पूवे वू रेपेते, सिल वू प्ले?" आणि जपानीत "मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास" असे होते. "जरा सावकाश" यासाठी स्पॅनिशमध्ये "मास देस्पासियो, पोर फावोर" म्हणतात आणि "याला काय म्हणतात?" यासाठी "कोमो से दीसे" असे म्हणून वस्तूकडे बोट दाखवले की काम होते. याखेरीज "म्हणजे तुम्हाला असे म्हणायचे आहे का, की..." आणि "मी नीट सांगितले नाही, पुन्हा सांगतो" ही दोन वाक्ये शिकून ठेवावीत. पहिल्या वाक्यामुळे आपण लक्ष देऊन ऐकत आहोत हे समोरच्याला कळते आणि दुसऱ्यामुळे बिघडलेले वाक्य टाकून देऊन नवे सुरू करण्याची मोकळीक मिळते.

शब्द न आठवण्यावर एक उत्तम उपाय आपण मराठीत रोज वापरतो. "आपलं ते हे, पाणी तापवायचं" असे म्हटले की घरातल्याला कळते. परकीय भाषेत याच कौशल्याचा पद्धतशीर सराव करावा लागतो आणि त्यासाठी केवळ चार सांगाडे पुरतात: "अशी वस्तू, जिने आपण अमुक करतो", "असे ठिकाण, जिथे अमुक होते", "असा माणूस, जो अमुक करतो" आणि "अमुकच्या उलट". खोलीतल्या दहा वस्तू निवडून त्यांची नावे न घेता त्या भाषेत वर्णन करायचे, हा सराव एकट्यालाही करता येतो. छत्री हा शब्द माहीत नसेल, तर "पावसात डोक्यावर धरायची वस्तू" म्हणता आले पाहिजे. तेवढ्यासाठी पाऊस, डोके, वर, धरणे आणि वस्तू हे पाच शब्द लागतात आणि ते पाचही पुन्हा पुन्हा कामाला येणारे आहेत. हा खेळ दोघांनी मिळून खेळला तर अर्धा तास हसण्यात जातो आणि त्या अर्ध्या तासात जेवढी भाषा बोलून होते, तेवढी वर्गात आठवड्यातही होत नाही.

विचार करायला वेळ मिळावा म्हणून प्रत्येक भाषेत काही भरीचे शब्द असतात. मराठीतल्या "म्हणजे", "तर काय"सारखे स्पॅनिशमध्ये "पुएस", जर्मनमध्ये "आल्झो" आणि जपानीत "एऽतो" आहेत. परकीय भाषेत अडल्यावर इंग्रजी "अं" करण्याऐवजी त्या भाषेतला शब्द वापरला, की समोरचा थांबतो, कारण आपले वाक्य अजून चालू आहे हे त्याला कळते. जपानी संभाषणात तर ऐकणाऱ्यानेही मध्ये मध्ये हुंकार भरायचे असतात आणि त्यांना "आइझुचि" असे स्वतंत्र नाव आहे. तिथे "हाइ" याचा अर्थ पुष्कळदा "ऐकतो आहे" एवढाच असतो, होकार नव्हे. हे माहीत नसलेल्या माणसाचा व्यवहार बोलणी पक्की झाली या समजुतीवर फसू शकतो.

चौथी पायरी : शब्द, पण वाक्यासकट

रोजच्या भाषेत थोडे शब्द पुष्कळ काम करतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सुमारे २,००० शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यातले शब्द सामान्य इंग्रजी मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात. इतर भाषांतही चित्र साधारण असेच असते. तेव्हा पहिल्या सहा महिन्यांसाठी वारंवारितेच्या यादीतले पाचशे ते आठशे शब्द आणि आपल्या ठरवलेल्या प्रसंगाचे शंभरएक शब्द एवढा संग्रह पुरेसा समजावा. रंगांची, प्राण्यांची आणि फळांची संपूर्ण यादी पाठ करण्यात वेळ घालवू नये. मोठ्या माणसांच्या बोलण्यात जिराफ क्वचितच येतो.

पाठांतराचे वेळापत्रक कसे असावे, याचा पाया मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून घातला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून ते किती काळ लक्षात राहतात, हे त्यांनी मोजले आणि विस्मरण आधी वेगाने व नंतर मंद गतीने होते, असे त्यांना आढळले. म्हणून उजळणी आधी लवकर लवकर आणि नंतर वाढत्या अंतराने करावी. जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांच्या पेटीची जी युक्ती सुचवली, तीच आज उजळणीच्या बऱ्याचशा ॲपमागे आहे. पहिल्या कप्प्यातली कार्डे रोज पाहायची, उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात टाकायचे आणि तो कप्पा दोन-तीन दिवसांनी, त्यापुढचा आठवड्याने उघडायचा. उत्तर चुकले की कार्ड कितीही पुढे गेलेले असले तरी पुन्हा पहिल्या कप्प्यात येते.

कार्ड कसे लिहावे, हे मात्र कोणी सांगत नाही. एका बाजूला मराठी शब्द आणि दुसऱ्या बाजूला परकीय शब्द असे लिहिले, तर डोके भाषांतराचे यंत्र बनते. त्याऐवजी पुढच्या बाजूला प्रसंग लिहावा. माझ्या एका कार्डावर पुढे "फोनवर समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही" असे आहे आणि मागे "इश कान झी लायडर निश्ट ह्योरन" हे पूर्ण वाक्य आहे. त्यातला "लायडर" म्हणजे "दुर्दैवाने" हा शब्द मी वेगळा कधीच पाठ केला नाही, पण नकार सौम्य करायचा असला की तो आता न बोलावता येतो. कार्डे स्वतः लिहावीत. दुसऱ्याने तयार केलेली हजार कार्डे उतरवून घेण्यात सोय असते, पण त्यांतली वाक्ये आपण कधी बोलणार नसतो. दिवसाला पाच-सात नवी कार्डे पुरेत. वीस-वीस घालणाऱ्याची पेटी तिसऱ्या आठवड्यात तुंबते आणि मग ती उघडावीशी वाटत नाही.

पाचवी पायरी : थोडे, पण पुन्हा पुन्हा ऐकणे

नवशिक्याने दोन तासांचा चित्रपट एकदा पाहण्यापेक्षा दोन मिनिटांचे संभाषण दहा वेळा ऐकावे. पहिल्यांदा केवळ विषय ओळखावा, दुसऱ्यांदा ओळखीचे शब्द टिपावेत, तिसऱ्यांदा लेखी मजकूर समोर घेऊन ऐकावे आणि शेवटी मजकूर बाजूला ठेवून बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीत, सावलीसारखे बोलत जावे. निवडलेला मजकूर जवळजवळ कळणारा, पण एखाददुसरी गोष्ट नवी असलेला हवा. स्टीव्हन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सिद्धान्ताचे सार हेच आहे, की आपल्या पातळीच्या किंचित वरची, पण समजणारी भाषा भरपूर कानावर पडली की भाषा आत मुरते.

विषय आपल्या आवडीचा निवडावा. बुद्धिबळाचा नाद असेल तर त्या भाषेतले बुद्धिबळाचे समालोचन ऐकावे. डाव आधीच कळत असल्यामुळे शब्दांचा अर्थ पटावरूनच लागतो. बागकाम, सायकलदुरुस्ती, विणकाम, म्हणजे जिथे हात काय करतात ते दिसते, अशा कोणत्याही विषयाला हे लागू आहे. बातम्या मात्र सुरुवातीला टाळाव्यात. त्या भरभर वाचलेल्या लेखी भाषेत असतात आणि तसे कोणी बोलत नाही.

सहावी पायरी : बोलायला माणूस

केवळ ऐकण्याने भागत नाही, हे कॅनडातल्या एका अनुभवाने दाखवून दिले. तिथल्या इंग्रजी भाषक मुलांनी वर्षानुवर्षे शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकले, त्यांचे ऐकणे आणि वाचणे उत्तम झाले, पण बोलण्या-लिहिण्यातले व्याकरण मागे राहिले. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये या निरीक्षणाच्या आधारे असे मांडले, की बोलायची वेळ आल्यावरच आपल्याला काय येत नाही ते आपल्या लक्षात येते. ऐकताना माणूस अंदाजाने अर्थ लावून पुढे जातो. बोलताना क्रियापदाचे रूप स्वतःलाच निवडावे लागते आणि तिथे अंदाज चालत नाही. क्रॅशन यांच्या मताचे लोक बोलण्याची घाई करू नका असे सांगतात, स्वेन यांच्या मताचे लोक बोलायला लावा असे सांगतात. ज्याचे उद्दिष्टच संवाद आहे, त्याने स्वेन यांच्या बाजूचे ऐकावे, असे मला वाटते.

सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे भाषेची देवाणघेवाण, ज्याला युरोपात टँडेम म्हणतात. तुम्हाला त्याची भाषा हवी आणि त्याला तुमची, अशी जोडी जमवायची. यात ठरलेल्या गोष्टी आधी स्पष्ट बोलून घ्याव्यात, नाहीतर जोडी महिन्याभरात मोडते. अर्धा तास एका भाषेत आणि अर्धा तास दुसरीत, घड्याळ लावून, अशी विभागणी असावी. घड्याळ नसेल तर ज्याची भाषा दोघांना बरी येते तिच्याकडे बोलणे घसरते. चुका केव्हा सांगायच्या तेही ठरवावे. प्रत्येक चुकीला थांबवणारा जोडीदार कितीही सद्भावनेने थांबवत असला, तरी दहा मिनिटांत बोलण्यातली मजा जाते. मी असे सुचवतो की अर्थ बिघडला तरच मध्ये थांबवावे आणि बाकीच्यांपैकी वारंवार होणाऱ्या तीन चुका शेवटी लिहून द्याव्यात. तीनच.

पहिल्या भेटीत "काय बोलायचे?" हा प्रश्न पडतोच. यासाठी प्रत्येकाने आपापल्या फोनमधली दोन छायाचित्रे आणावीत आणि त्यांवर प्रश्न विचारावेत. हे कोण आहे, कुठले आहे, आधी काय झाले, नंतर काय झाले, एवढ्या प्रश्नांत वर्तमान आणि भूत हे दोन्ही काळ येऊन जातात. माणूस मिळेपर्यंत संभाषण करणारी संगणकीय साधने वापरायला हरकत नाही. ती कंटाळत नाहीत आणि रात्री अकरालाही तयार असतात. पण ती आपले तुटके वाक्य फारच चटकन समजून घेतात. समोरच्याच्या कपाळावर पडलेली आठी पाहून वाक्य बदलण्याचा सराव तिथे होत नाही, आणि खऱ्या संवादात तोच लागतो.

सातवी पायरी : व्याकरण, मराठीच्या वाटेने

व्याकरण आता घ्यावे, म्हणजे पहिले दोन-तीन महिने झाल्यावर, जेव्हा वाक्ये तोंडात बसलेली असतात आणि त्यांच्यामागचा नियम जाणून घ्यायची उत्सुकता असते. या टप्प्यावर व्याकरण खरोखर गोड लागते.

बहुतेक मार्गदर्शक पुस्तके इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेली असतात आणि जे इंग्रजीला विचित्र वाटते, ते त्यांत "अवघड" म्हणून सांगितलेले असते. मराठी वाचकाने ते तसेच मानू नये. थंडी वाजते हे मी जर्मनमध्ये कित्येक दिवस "इश बिन काल्ट" असे सांगत असे. ते इंग्रजीवरून रचलेले वाक्य होते आणि त्याचा अर्थ "मी भावनाशून्य आहे" असा घेतला जाऊ शकतो. बरोबर वाक्य "मिअर इस्ट काल्ट" असे आहे आणि त्यातल्या "मिअर"चा अर्थ "मला" असा आहे. मराठीत मी "मला थंडी वाजते" असेच म्हणतो. मराठीतून विचार केला असता तर चूक झालीच नसती. स्पॅनिशमधली आवडनिवड सांगण्याची रचना इंग्रजी भाषकांना महिनोन्‌महिने छळते, कारण तिथे आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी असते. आपल्याला ती घरचीच आहे. "मे गुस्ता ला मूसिका" म्हणजे "मला संगीत आवडते" आणि "मे गुस्तान लोस लीब्रोस" म्हणजे "मला पुस्तके आवडतात". क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते, अगदी मराठीसारखे. जपानीत क्रियापद शेवटी येते आणि शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, त्यामुळे "कुजि कारा गोजि मादे" याचे "नऊपासून पाचपर्यंत" असे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होते. इंडोनेशियन भाषेत ऐकणाऱ्याला वगळून "कामि" आणि त्याला धरून "किता" म्हणतात. "आम्ही" आणि "आपण" हा भेद पाळणाऱ्याला यात समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही.

लिंगांच्या बाबतीत मात्र मराठी मदत करते आणि दगाही देते. तीन लिंगे असतात ही कल्पना आपल्याला नवी नाही आणि जर्मन भाषेत मुलीसाठीचा नेहमीचा शब्द नपुंसकलिंगी आहे याचे, "पोरगे" म्हणणाऱ्या आपल्याला, फारसे आश्चर्य वाटू नये. पण सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे, तर फ्रेंचमध्ये याच्या बरोबर उलट आहे. इथे तर्क न लावता प्रत्येक नाम त्याच्या उपपदासकट पाठ करणे एवढाच मार्ग आहे.

आदरार्थी रूपांचे तेच. फ्रेंचमधले "त्यू" आणि "वू", जर्मनमधले "दू" आणि "झी" हे आपल्या "तू" आणि "तुम्ही"च्या जवळचे आहेत. शंका असेल तिथे आदरार्थी रूप वापरावे आणि एकेरीवर येण्याचा प्रस्ताव समोरून येऊ द्यावा. जर्मन भाषकांमध्ये तो सहसा वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीकडून येतो.

मध्येच येणारा थांबा

चौथ्या-पाचव्या महिन्यात प्रगती थांबल्यासारखी वाटते. याचे एक कारण असे की तोवर शिकणाऱ्याने मातृभाषा आणि परकीय भाषा यांच्या मधली स्वतःची एक भाषा तयार केलेली असते आणि तिच्यात त्याचे भागत असते. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या अवस्थेला आंतरभाषा या अर्थाचे नाव दिले आणि तिच्यातल्या काही चुका कायमच्या गोठून जातात, हेही दाखवले. उपाय साधा आहे. जोडीदाराने शेवटी लिहून दिलेल्या तीन चुकांपैकी एक निवडावी आणि पंधरा दिवस फक्त तिच्याकडे लक्ष द्यावे. बाकीच्या चुका होऊ द्याव्यात. किंवा विषय बदलावा, कारण पुष्कळदा प्रगती नव्हे, तर त्याच त्या गप्पा थांबलेल्या असतात.

दर महिन्याच्या शेवटी त्याच एका विषयावर जोडीदाराशी दोन मिनिटे बोलून ते मुद्रित करून ठेवावे आणि आधीच्या महिन्याच्या मुद्रणाशेजारी ठेवून ऐकावे. ऐकताना चुका मोजू नयेत. किती वेळा गप्प झालो, गप्प झाल्यावर पुन्हा सुरुवात कशी केली आणि समोरच्याने किती प्रश्न विचारले, हे मोजावे. जोडीदाराशी बोलू लागल्यानंतरच्या माझ्या चौथ्या महिन्याच्या मुद्रणात विशेषणांचे प्रत्यय जवळजवळ सगळे चुकलेले आहेत. दुसऱ्या मिनिटाला मी छत्रीपाशी अडतो, "आल्झो" म्हणतो, मग पाऊस, डोके, वर, धरणे अशी वाट काढत जातो, आणि पलीकडून हसत हसत आवाज येतो, "आख, देअर रेगेनशिर्म!" तो शब्द मला कार्डावर लिहावा लागला नाही.